तेलात दिलेले पाणी

शिकाऊ म्हणून काम करत असताना मी सुतारखात्यातील एक पटाशी ग्राइंडरवर इतका वेळ दाबून धरली की तिचे टोक निळे पडले. वयस्कर मिस्त्रींनी ती हातात घेतली आणि एवढेच म्हणाले, "हिचं पाणी उतरलं." पाणी हा शब्द कारागिराच्या तोंडी किती नेमका असतो, हे मला त्यानंतर हळूहळू कळत गेले.

लोहार विळ्याला पाणी देतो, म्हणजे त्याची धार लालबुंद तापवून ती झटकन थंड करतो. सुमारे 0.8 टक्के कार्बन असलेले पोलाद 727 अंश सेल्सिअसच्या वर नेले की त्याची अंतर्गत रचना बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळतो. सावकाश निवू दिल्यास तो पुन्हा वेगळा होतो, परंतु एकदम थंड केल्यास त्याला तेवढा अवधीच मिळत नाही आणि आत अडकलेल्या कार्बनमुळे अतिशय कठीण अशी रचना तयार होते. जर्मन धातुशास्त्रज्ञ आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून तिला मार्टेन्साइट म्हणतात. माइल्ड स्टीलमध्ये कार्बन फार थोडा असल्याने ते "पाणी धरत नाही". म्हणूनच गावोगावचे लोहार पुरेसा कार्बन असलेले ट्रकच्या स्प्रिंगचे जुने पाटे जपून ठेवतात.

नुसते पाणी दिलेले पोलाद ठिसूळ असते, त्यामुळे ते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून चकचकीत केलेल्या भागावर 230 अंशांच्या आसपास गवती पिवळा रंग चढतो आणि 300 च्या सुमारास निळा. जितके जास्त तापेल तितका ठिसूळपणा जातो, पण कठीणपणाही उतरतो, म्हणून पटाशीला पिवळा मानवतो, स्प्रिंगला निळा.

जे पोलाद पाण्यात बुडवल्यास तडकते, ते तेलात थंड करतात, आणि तरीही कारागीर "तेलात पाणी दिलं" असेच म्हणतो. मला हा शब्दप्रयोग अत्यंत अचूक वाटतो, कारण इथे पाणी म्हणजे द्रव नसून हत्याराच्या अंगी आलेला गुण आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत याच क्रियेला शस्त्रपान म्हटले आहे, आणि शस्त्राला पाजायच्या द्रवांत तिथे दूधही येते. सोनाराचे "सोन्याचे पाणी" मात्र वेगळे. तो वरचा पातळ थर असतो, धातूच्या आत काहीच बदलत नाही. पाठ्यपुस्तकातला कठिणीकरण हा शब्द चुकीचा नाही, पण कठिणीकरण "उतरले" असे कोणी म्हणत नाही.

मिस्त्रींनी त्या पटाशीचा निळा भाग पूर्ण घासून काढला, दर दोन-चार क्षणांनी ती पाण्यात बुडवत, आणि मागच्या शाबूत पोलादावर नवी धार काढून दिली.