एकाच प्रयोगासाठी तीन महिने?

स्पर्धेच्या एका नाटकासाठी आम्ही तीन महिने तालमी का करतो, असं अनेकांनी विचारलं म्हणून लिहिते. हा प्रश्न मला कुठंही गाठतो. शाळेत मधल्या सुट्टीत, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत. "स्पर्धेचं नाटक एकदाच होतं ना? मग तीन-तीन महिने काय करायलाव तुम्ही?"

गेल्या वर्षी पोळा झाला, आमच्या तालमी सुरू झाल्या आणि आठवड्याभरात एका मुलीचे वडील आमच्या दारात येऊन उभे राहिले. मुलगी नुकतीच बारावी झालेली. आमच्या नाटकात धाकट्या सुनेचं काम तिला दिलं होतं. ते आत आले नाहीत, चप्पलही काढली नाही. म्हणाले, "म्याडम, एका रात्रीच्या खेळापायी पोरगी तीन महिने रात्री नऊपर्यंत बाहेर. लोकांचं सोडा. पण मला तरी कळू द्या, एवढं काय करायलाव तिथं?" माझ्याकडं तेव्हा नीट उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हणाले, की तिला रोज घरी सोडायला मी स्वतः येईन. ते "बरं" म्हणून गेले. पण प्रश्न माझ्याजवळच राहिला.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची. शाळेत शिकवते आणि आमच्या नाटकाची वेशभूषा आणि रंगभूषा बघते. आमचं नाटक म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेतलं, हौशी गटातलं. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. ती सुरू झाली तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडची माणसं या स्पर्धेत आली ती त्यानंतर. पण आली ती हटली नाहीत. दिवाळी सरली की केंद्राकेंद्रावर प्राथमिक फेरी लागते आणि आम्ही सामान टेम्पोत घालून नांदेड गाठतो. तिथं आमच्या वाट्याला एक संध्याकाळ येते. नंबर आला तर अंतिम फेरी, नाही तर त्या संध्याकाळीच नाटक संपलं.

तालमीला जागा म्हणजे हळदीच्या एका व्यापाऱ्याचं गोदाम. वसमतची हळद तुम्हाला माहीत असेल, २०२४ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. नवी हळद बाजारात यायला फाल्गुन-चैत्र उजाडतो. त्याआधी गोदामाचा अर्धा भाग रिकामा असतो आणि तो व्यापारी एक पैसा न घेता आम्हाला देतो. मात्र तिथं हवेतच हळद असते. तास-दोन तास तालीम झाली की शर्टाच्या कॉलरवर, पायाच्या टाचांवर, पाण्याच्या बाटलीवर पिवळी झाक चढते. घरी गेल्यावर सासूबाई नुसत्या वासावरून सांगायच्या, आज तालीम किती वेळ चालली ते.

आता तिथं जमणारी माणसं. मोठ्या भावाचं काम करणारे एसटीत वाहक आहेत. त्यांची मुक्कामी गाडी असली की त्या रात्री मोठा भाऊ नाही. मग प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेलं वाक्य आडून सांगणारे, त्यांच्या जागी उभे राहतात. हे कोर्टातून निवृत्त झालेले कारकून, सगळ्यांची सगळी वाक्यं त्यांना पाठ. धाकटा भाऊ शेतकरी. सोयाबीन काढायला आलं आणि शेतात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, आला, की पाच-सहा दिवस तोही नाही. आला तेव्हा डोळे लाल, अंगभर भुसा आणि घसा बसलेला. म्हाताऱ्या आईचं काम आशाताई करतात. आशाताई हे त्यांचं नाव नव्हे, गावात त्या आशा कार्यकर्ती आहेत. भर तालमीत फोन आला, की वाक्य अर्धं सोडून बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी नेमकं त्याच अर्ध्या वाक्यापासून सुरू करतात. दिग्दर्शक संभाजीनगरला विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकून आले आणि इथं खताचं दुकान चालवतात. रब्बीच्या पेरणीत त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तरी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, नटराजाची पूजा झाल्याशिवाय ते शटर उघडत नाहीत.

या सगळ्यांना एकाच वेळी गोदामात बघायचा योग तीन महिन्यांत किती वेळा येतो? गेल्या वर्षी मी मोजलं होतं. नऊ वेळा. बाकीच्या दिवशी कुणी ना कुणी कमी, आणि त्याचं काम दुसरं कुणीतरी करतंय. असं करता करता प्रत्येकाला प्रत्येकाचं नाटक येऊ लागतं. धाकट्या सुनेला आईची वाक्यं येतात. मला तर नाटकातली विहीर कुठून किती पावलांवर आहे ते डोळे मिटून सांगता येतं.

काही जण मला लक्ष्मण देशपांड्यांचं उदाहरण देतात. याच विद्यापीठात शिकवणारा हा माणूस एकटा रंगमंचावर उभा राहून ५२ पात्रं उभी करायचा, आणि तुम्हाला एवढी माणसं कशाला? त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. मराठवाड्याची बोली त्यांनी सातासमुद्रापार नेली. पण त्यांच्याही अंगावर उजेड कुणीतरी पाडतच होतं. कुणीतरी पडदा वर घेत होतं. या स्पर्धेतली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच, की इथं बक्षीस नुसत्या नटांना नसतं. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा, सगळ्यांचे गुण वेगळे आणि बक्षिसंही वेगळी. विंगेतल्या, म्हणजे पडद्याआडच्या, माणसाचं नाव माईकवर पुकारलं जातं. आमच्यासारख्यांच्या आयुष्यात हे फार वेळा होत नाही.

आमचा लाईटवाला मोटारी रिवाइंड करतो. दिवसभर जळालेल्या मोटारीची तार उकलायची आणि नवी भरायची, वर दोन एकर हळदीची शेती. त्याच्या गुरूनं मिठाच्या पाण्याचे डिमर वापरलेले. पाण्यात पत्रा वरखाली करायचा, तसा दिवा मंद किंवा प्रखर. हा मात्र आता नाट्यगृहातल्या बोर्डावर सराईतपणे बसतो. माझं आणि त्याचं रोजचं बोलणं असतं, कारण मी रंगवलेला चेहरा शेवटी त्याच्याच उजेडात दिसणार. निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो. मी कपाळावर छान कुंकू लावावं आणि त्यानं चांदणी रात्र टाकावी, की प्रेक्षकांना कपाळावर काळा ठिपका दिसतो. म्हणून कोणता प्रवेश कोणत्या उजेडात, हे मला वहीत लिहून ठेवावं लागतं. आणि आई म्हातारी दिसायला हवी तर सुरकुतीची रेघ किती गडद ओढायची, हे तो सांगतो, मी नाही.

नाटक होतं एका विहिरीच्या वाटणीचं. बाप गेल्यावर दोन भाऊ पाण्याच्या पाळ्या लावतात आणि आई कुणाच्याच पाळीत बसत नाही. शेवटच्या प्रवेशात ती रात्री एकटी विहिरीवर येते, अंगावर पांढरं लुगडं. ते लुगडं मी विकत आणलं नव्हतं. माझ्या आजेसासूबाईंचं होतं, सासूबाईंच्या पेटीतलं. लग्नाआधी मी स्वतः नाटकात कामं करायची. लग्नानंतर सासूबाईंनी एकदाच सांगितलं, "तोंडाला रंग लावून लोकांपुढं नको." मी वाद घातला नाही, कात्री-सुई उचलली. त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली. त्याच सासूबाईंनी या नाटकासाठी न मागता पेटी उघडली आणि म्हणाल्या, "इकतच्या पांढऱ्याला जुन्याची कळा नसती, हे घे."

प्रयोगाच्या आदल्या दिवशी शेवटची रंगीत तालीम गोदामातच झाली. रात्री नऊला घरी येऊन लुगड्याची घडी उलगडली तर पुढच्या निऱ्यांवर हातभर पिवळा पट्टा. आशाताई नाटकातल्या विहिरीच्या कठड्याला टेकल्या होत्या आणि कठडा बांधला होता हळदीच्याच बारदानाचा. मी शिकलेली बाई, तरी त्या घाईत साबण लावला. क्षणात पट्टा लालभडक. पांढऱ्या लुगड्यावर कुंकू सांडल्यासारखा. माझे हातपाय गळाले.

सासूबाई मोरीच्या दारात आल्या. बघितलं आणि म्हणाल्या, "हळदीला खार लागला की कुंकू होतंय. आंबट लाव, परत हळद होईल." चार लिंबं पिळली. लाल गेलं, पिवळं परत आलं. दिवसभर कडक उन्हात टाकलं असतं तर ते पिवळंही उडालं असतं, हळदीचा डाग उन्हापुढं टिकत नाही. पण टेम्पो सकाळी आठला सुटणार होता.

साडेदहाला मी लाईटवाल्याला फोन लावला. त्यानं काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. "डाग पिवळाच आहे ना? लाल नाही ना राहिला?" "नाही." "मग त्या प्रवेशाला निळा नको, अंबर टाकतो. अंबरमध्ये पांढरं पिवळं एकच." अंबर म्हणजे पिवळसर केशरी उजेड. मी म्हटलं, अहो, पण ती रात्र आहे. तो म्हणाला, "आईच्या हातात कंदील आहे की."

संहितेत कंदील होताच. आई कंदील घेऊन येते, ठेवते आणि विसरते. आम्हीही विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी नांदेडला नेपथ्य उभं राहिल्यावर दिग्दर्शकांनी त्या प्रवेशाच्या सगळ्या हालचाली बदलल्या. आई आता चांदण्यात उभी राहणार नव्हती, कंदिलाजवळ बसणार होती. ती बसली तर मोठ्या भावाला तिच्याकडं बघायला वाकावं लागतं. तो वाकला तर त्याचं ते चढ्या आवाजातलं वाक्य चढ्या आवाजात येतच नाही. वाहकसाहेबांनी ते हळू म्हणून बघितलं आणि सगळे गप्प झाले. प्रॉम्प्टरकाकांनी वहीत पेन्सिलीनं खूण केली. मला आईच्या चेहऱ्यावरच्या रेघा पुसून नव्यानं, हलक्या ओढाव्या लागल्या, कारण आता उजेड खालून येणार होता. जेमतेम तासाभरात हे सगळं झालं. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. धाकटी सून, ती बारावीची पोरगी, आपण होऊन दोन पावलं मागं सरकली. तिच्या सावलीनं आईचा चेहरा झाकला जात होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मोटारवाला, कंडक्टर, आशाताई, खताचे दुकानदार, माझ्या सासूबाई आणि चार लिंबं. यातलं कुणीही एक दिवसात आणता येतं. पण रात्री साडेदहाला फोन केल्यावर एका वाक्यात समजून घेणारा माणूस एका दिवसात मिळत नाही, आणि तोंडावर प्रयोग असताना अख्खा प्रवेश फिरवला तरी न घाबरणारी माणसंही नाहीत. तीन महिने आम्ही तेवढंच करतो, काका. पोरीसाठी तुम्ही दारात उभे होतात, तेव्हाच मला हे सांगता यायला हवं होतं.

प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशात सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी विंगेतून बघत होते ते आईकडं नाही, तिच्या निऱ्यांकडं. डाग कुठं होता ते मलाही सापडेना. अंतिम फेरीला आमचं नाटक गेलं नाही. त्या केंद्रावर आमच्यापेक्षा सरस नाटक होतं, मी ते बघितलं होतं.

सामान भरून निघायला बारा वाजून गेले. कारखान्याचा हंगाम चालू झालेला. वसमतच्या वाटेवर उसाच्या जोडट्रॉल्या एकामागं एक, त्यामुळे टेम्पो बैलगाडीच्या चालीनं. मुलीचे वडील सोबत होते. रात्री परतायला उशीर होणार म्हणून ते सकाळीच टेम्पोत बसले होते आणि दिवसभर नाट्यगृहाच्या मागं बसून आम्ही काय करतो ते बघत होते. नाटकाबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. मुलगी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली होती, रंग अजून कानामागं राहिलेला.

वसमत दोन-तीन किलोमीटरवर असताना लाईटवाल्यानं टेम्पो थांबवायला सांगितला. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, पहाटेपर्यंतच राहणार, आणि हळदीला पाण्याचा ताण पडत होता. रस्त्यालगतच त्याचं शेत. ड्रायव्हरनं टेम्पो तिरका केला आणि हेडलाईटचा उजेड स्टार्टरच्या पेटीवर पाडला. मोटार चालू झाली.

वडिलांनी मुलीचं डोकं अलगद माझ्या खांद्यावर ठेवलं, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि खाली उतरले. "एकट्यानं किती वेळ पाणी देसाल?" म्हणाले, "मी एका अंगानं धरतो. म्याडम, पोरीला घरी सोडा, मी येतो सकाळी." दोघं बॅटरी घेऊन हळदीत शिरले. उंच पानांत थोडा वेळ उजेड हलताना दिसत होता.