चिंगी, उंदीर आणि मी केलेली घाई

आमची कुत्री चिंगी परवा १४ महिन्यांची झाली. आमच्या घरामागे डेअरी फार्म आहे, इथे इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये, आणि गेले दोन महिने ती तिथे नीट कामाला जातेय, काम म्हणजे उंदीर मारणं. हे लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं पण मधे माझ्या हातून एक मोठी चूक झाली होती आणि ती निस्तरते की नाही तेच कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आता लिहिते.

चिंगी बॉर्डर टेरियर आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातली ही जात, घोड्यांच्या मागे पळता यावं म्हणून पाय जरा लांब आणि कोल्ह्याच्या बिळात शिरता यावं म्हणून छाती अरुंद. पिल्लू बघायला गेलो तेव्हा तिच्या आईची छाती कशी मोजायची ते आम्हाला दाखवलं, खांद्यामागून दोन्ही हातांचे पंजे छातीभोवती घालायचे, बोटं बोटांना टेकली तर बरोबर. टेप वगैरे काही नाही. डोकं पाणमांजरासारखं, अंगावर राठ केस, वजन आता ६ किलो. केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या संस्थेने, या जातीला १९२० साली मान्यता दिली पण त्याच्या आधी कितीतरी पिढ्या मेंढपाळ आणि शेतकरी ही कुत्री पाळतच होते, नाव काय द्यायचं याची त्यांना फिकीर नव्हती.

आणि आम्ही राहतो ते ठिकाणही असं की टेरियरचा विषय टाळताच येत नाही. स्विमब्रिज नावाचं गाव इथून जवळ आहे, तिथल्या चर्चमध्ये जॉन रसेल पाद्री होते, जॅक रसेल टेरियर म्हणतात ते यांच्याच नावावरून. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना एका दूधवाल्याबरोबर ट्रम्प नावाची पांढरी कुत्री दिसली, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर तपकिरी डाग, शेपटीच्या बुडाशी एक छोटा ठिपका, आणि यांनी ती तिथल्या तिथे विकत घेतली. पांढरा रंग त्यांना हवा होता कारण कोल्ह्याच्या शिकारीच्या धांदलीत कोल्हा कुठला आणि कुत्रं कुठलं हे लांबून कळलं पाहिजे. १८८३ मध्ये ते वारले, थडगं तिथेच स्विमब्रिजच्या चर्चच्या आवारात आहे. चिंगीला घेऊन मी पहिल्यांदा जी मोठी चक्कर मारली ती तिथलीच, का कोण जाणे पण जावंसं वाटलं.

फार्मवर उंदीर कायमचेच असतात पण शेतं कापून झाली की सप्टेंबर ऑक्टोबरमध्ये थवेच्या थवे गोठ्याकडे येतात, कारण शेतातलं खाणं आणि लपायची जागा दोन्ही संपतं आणि गोठ्यात ऊब आहे, खाद्याची कोठी आहे, मक्याचं सायलेज म्हणजे मुरघास आहे. मादी तीन आठवड्यांत व्यायते आणि एका वेळी सात आठ पिल्लं सहज, तेव्हा हिशोब तुम्हीच करा. विष घालतात पण विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन चार दिवस सुस्त फिरतो आणि तोच नेमका घुबडाच्या हाती लागतो. आमच्या फार्मच्या जुन्या कोठारात पांढऱ्या गव्हाणी घुबडांची जोडी आहे म्हणून फार्मवाले आजोबा विष शक्यतो घालत नाहीत, त्यांना कुत्री परवडतात. (आजोबा म्हणजे नात्यातले नाहीत, सत्तरीचे शेजारी आहेत, घरात आम्ही त्यांना आजोबाच म्हणतो.)

मला हे सगळं जवळचं वाटलं कारण आमच्या कोरेगावकडच्या शेतात घुशींनी बांध पोखरलेले मी लहानपणापासून बघत आलेय. घूस ज्वारीची कणसं तोडून बिळात नेऊन साठवते, नाना बीळ खणायचे तेव्हा आतून पाटीभर कणसं निघायची, आणि आमचा गावठी कुत्रा त्या खणण्याच्या बाजूला असा थरथरत उभा राहायचा की बास. त्याला कुणीच काही शिकवलं नव्हतं. म्हणून मला वाटायचं की यात शिकवण्यासारखं काय आहे, टेरियर आहे, उंदीर दिसला की धरेल.

धरेल हे खरंच आहे. पण आजोबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की पहिलं वर्ष उंदराचं नावच काढू नको, तिने काय काय धरायचं नाही तेवढंच शिकव. कोंबडी, बदक, मेंढी, वासरू, मांजर, आणि फेरेट. फेरेट म्हणजे मुंगसासारखा दिसणारा लांबुळका पाळीव प्राणी, तो सशांच्या बिळात सोडतात आणि ससे बाहेर पळतात. हालचाल उंदरासारखीच आणि बिळातूनच बाहेर येतो, तेव्हा तो आपला माणूस आहे हे कुत्रीला लहानपणीच पक्कं समजलं पाहिजे नाहीतर कधीतरी डोळ्यांदेखत अनर्थ होतो. आणि मेंढी तर इथे फारच गंभीर प्रकरण, मेंढ्यांच्या मागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो, वेगवेगळ्या अटी आहेत पण घालू शकतो.

मग आम्ही काय केलं तर रोज सकाळी दहा मिनिटं लांब दोरी लावून खुराड्याशी जाऊन बसायचो. फक्त बसायचो. कोंबडीकडे टक लावून बघायला लागली, कान पुढे आले, अंग ताठ झालं की "सोड" म्हणायचं आणि माझ्याकडे बघितलं की चिकनचा तुकडा. टक लागायच्या क्षणीच म्हणायचं, झेप घेतल्यावर म्हणून काही उपयोग नाही, तोपर्यंत तिच्या कानात शब्द शिरतच नाही. सगळ्या आज्ञा मी मराठीतच ठेवल्या, ये, थांब, सोड, आणि आता आजोबाही तिला "सोड" म्हणतात, थोडा ड चुकतो पण ती ऐकते. पाच महिन्यांची होईपर्यंत कोंबड्या तिच्या अंगावरून चालत जायच्या आणि ती जांभई द्यायची. ती जांभई बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

आणि इथेच मी घसरले.

सप्टेंबरच्या शेवटी शेणखताचा ढीग हलवायचा होता, आजूबाजूच्या फार्मवरचे तिघे आपापली कुत्री घेऊन येणार होते, चिंगी तेव्हा आठ महिन्यांची. पक्के दात नुकतेच आले होते. आजोबा म्हणाले आणू नको, मी म्हटलं नुसतं बघू दे, आणि मग ढीग उकरायला लागले, उंदीर चहूबाजूंनी सुटले, ती दोरीला हिसके देऊन किंचाळायला लागली आणि मी दोरी सोडली. मीच सोडली. दोन मिनिटांच्या आत एका मोठ्या नराने तिचा वरचा ओठ धरला आणि सोडेना, ती गोल गोल फिरतेय आणि तो लोंबकळतोय, आणि तेवढ्यात तोच उंदीर धरायला दुसरं एक मोठं कुत्रं तिच्या अंगावर आदळलं. ती ओरडत माझ्या बुटांमागे येऊन बसली. त्यानंतर सहा आठवडे ती त्या ढिगाच्या बाजूला यायलाच तयार नव्हती, गोठ्याचा दरवाजा वाजला तरी शेपूट खाली.

जखम चार दिवसांत भरली, व्हेटने धुऊन अँटिबायोटिक दिलं, ते सोपं होतं. मला त्रास झाला तो वेगळाच. सहा महिने तिने माझ्यावर विश्वास ठेवून एवढं सगळं शिकलं होतं आणि ज्या दिवशी मी तिला थांबवायला हवं होतं त्या दिवशी मला स्वतःलाच थांबता आलं नाही. आणि बॉर्डर तर मुळात उशिरा जागी होणारी जात आहे, काही काही दीड वर्षाची होईपर्यंत उंदराकडे बघतसुद्धा नाहीत आणि मग एक दिवस अचानक सुरू होतात, हे मला माहीत होतं. माहीत असून केलं.

आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले आता चार महिने तिला काही दाखवू नको, फक्त माझ्या म्हातारीबरोबर फिरू दे. म्हातारी म्हणजे त्यांची ११ वर्षांची जॅक रसेल, दात झिजलेत पण नाक शाबूत आहे. रोज संध्याकाळी आम्ही चौघं गोठ्याच्या भिंतीकडेने एक फेरी मारायचो, मारायचं बिरायचं काही नाही. म्हातारी प्रत्येक बिळाशी थांबायची, हुंगायची, रिकामं असलं तर पुढे, आणि उंदीर आत असला तर तिथेच थिजायची, मान किंचित तिरकी, शेपटीचं टोक तेवढं हलतंय, आवाज नाही. या थिजण्यालाच इथले लोक मार्क करणं म्हणतात आणि जे कुत्रं खोटं मार्क करत नाही त्याची किंमत फार, कारण त्याच्या भरवशावर माणूस तासभर खणतो. चिंगी आधी लांबून बघायची. मग म्हातारीच्या मागे उभी राहून हुंगायची. डिसेंबरात एके दिवशी म्हातारी एका बिळाशी थांबलेली असताना ही पलीकडे दोन फुटांवरच्या दुसऱ्या भोकाशी जाऊन उभी राहिली, म्हणजे त्याच बिळाचं मागचं दार, तिला कुणी सांगितलं नव्हतं. आजोबांनी माझ्या दंडाला हात लावला फक्त, बोलले नाहीत.

मधल्या काळात मशीनची सवय केली. उंदीर बाहेर काढायला इथे स्मोकर वापरतात, जुन्या चेनसॉचं इंजिन असतं, त्यात तेल सोडलं की दाट पांढरा धूर येतो, तो पाइपने बिळात सोडायचा आणि सगळ्या भोकांतून धूर आणि धुरामागून उंदीर. त्याचा आवाज भयंकर. म्हणून चिंगीला जेवण द्यायच्या वेळी मशीन अंगणाच्या पार टोकाला चालू करायचो, रोज थोडं थोडं जवळ. जानेवारीपर्यंत मशीनचा आवाज आला की ती जेवायच्या भांड्याकडे पळायला लागली.

पहिला उंदीर जानेवारीच्या शेवटी, सव्वा वर्षाचीही नव्हती पण पूर्ण वर्षाची झाली होती. एकच बीळ, एकच कुत्रं बरोबर म्हणजे म्हातारी, दुसरं कुणी नाही, काठी कुणाच्या हातात नाही. काठी मुद्दाम नाही, कारण उंदीर पळताना माणूस काठी मारतो आणि ती कुत्र्याच्या डोक्यात बसते, असं होतं. पट्टा काढून ठेवलेला, तारेत किंवा फळीत अडकून गळफास बसू नये म्हणून. लहान उंदीर निघाला, म्हातारी मुद्दाम की कसं पण हलली नाही, आणि चिंगीने खांद्यामागे धरला, एक झटका दिला आणि संपलं. सेकंदसुद्धा लागला नाही. मला नेहमी वाटतं की विषाने तीन दिवस आतल्या आत रक्तस्राव होऊन मरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि हे मी कुणाशीही बोलताना स्पष्ट सांगते.

आता ज्या गोष्टीत मी अजिबात तडजोड करत नाही त्या. लेप्टोस्पायरोसिसची लस दरवर्षी, चुकवायची नाही, उंदराच्या लघवीतून तो रोग कुत्र्याला होतो आणि माणसालाही होतो, म्हणून माझे हातमोजे आणि हात धुतल्याशिवाय चहासुद्धा नाही. दुसऱ्या कुणाच्या फार्मवर जायचं तर आधी विचारायचं की विष घातलंय का, हो म्हणाले तर जायचं नाही, कारण विष खाल्लेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर रक्त गोठायचं थांबतं आणि लक्षणं दिसायला काही दिवस जातात, तोवर उशीर झालेला असतो. आणि घरी आल्यावर मिठाच्या कोमट पाण्याने नाक, ओठ, हिरड्या, बोटांच्या मधली जागा, डोळ्यांत गेलेला भुसा, सगळं एकेक धुऊन बघायचं. राठ केसांमध्ये चावा दिसत नाही, बोटांनी चाचपून शोधावा लागतो.

गावाकडून एकदोघांनी मेसेज करून विचारलं की आमच्या कारवानी कुत्र्याला असंच सशावर तयार करता येईल का. नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारणं गुन्हा आहे, कृपा करून करू नका. इथेही सगळं मोकळं नाहीये, २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी रानटी प्राण्यांची शिकार करायला बंदी आहे, उंदीर आणि रॅबिट म्हणतात ते ससे वगळलेत पण तेही जमीनमालकाची परवानगी असेल तरच. ज्या कामासाठी चिंगीची छाती अरुंद ठेवली गेली, बिळात शिरून कोल्ह्याला सामोरं जायचं, ते मी तिला कधीच करायला लावणार नाही. आत काय चाललंय ते मला दिसत नसताना तिला आत सोडणं मला जमणार नाही.

गेल्या शनिवारी तोच शेणखताचा ढीग परत हलवला. मी तिला दोरीवर धरून पंधरा मिनिटं लांब बसवलं, ती थरथरत होती पण किंचाळली नाही, आजोबांनी मान हलवल्यावर मग सोडली. धुरात कोठारामागच्या चार कोंबड्या घाबरून नेमक्या मधे पळत आल्या, एक तर तिच्या तोंडासमोरून गेली, आणि ती तिला वळसा घालून उंदरामागे गेली.

रात्री नानांचा फोन आला. "किती?" त्यांनी विचारलं.

"सात," मी म्हटलं.

"आणि ओठ?"

"बघितला नाना, काही नाही लागलं."