बारवांच्या वह्या संगणकावर आणताना: मुलांच्या मदतीने झालेली प्रगती

परभणी जिल्ह्यातील बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांनी आत उतरता येणाऱ्या जुन्या विहिरींच्या, माझ्या नोंदी आजवर वह्यांमध्येच होत्या. या वर्षी त्या संगणकावर टंकून, छायाचित्रांसह, कोणालाही ऑनलाइन वाचता येतील अशा रूपात मांडण्याचे काम मी मुलाकडून आणि मुलीकडून शिकत आहे. मुलगा पुण्याला नोकरीत असल्यामुळे त्याची शिकवणी रात्री फोनवर चालते. मुलगी बारावीत असल्यामुळे घरीच असते आणि अभ्यासातून उठली की माझ्याशेजारी येऊन बसते. बारवांच्या वह्या भरून ठेवलेल्या आपल्यापैकी अनेकांना हे काम आज ना उद्या हाती घ्यावेच लागेल, म्हणून आतापर्यंत काय साधले ते सविस्तर नोंदवते.

टंकनासाठी मी इन्स्क्रिप्ट हा थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक निवडला. रोमन अक्षरांतून मराठी उमटवण्याची पद्धत मोबाइलवर अंगवळणी पडली होती, परंतु दीर्घ लेखनात यंत्र सुचवील त्या शब्दांतून निवड करत बसण्यापेक्षा जे अक्षर हवे तेच थेट टंकणे मला अधिक भरवशाचे वाटते. या कळफलकाची रचना देवनागरीच्या स्वभावाला धरून आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे, आणि ‘क’च्याच कळीवर शिफ्ट दाबून ‘ख’, ‘ग’च्या कळीवर ‘घ’. हे सूत्र मुलाने समजावून दिल्यानंतर कळा पाठ करण्याचे ओझे बरेच कमी झाले.

बारवांविषयी लिहिणाऱ्याला सर्वाधिक वेळा टंकावा लागणारा शब्द म्हणजे ‘पायऱ्या’, आणि नेमका तोच शब्द काळजीपूर्वक हाताळावा लागतो. साधा ‘र’, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारे चिन्ह) आणि ‘य’ असे टंकले, तर ‘सूर्या’तल्यासारखा रफार उमटतो. इन्स्क्रिप्टमध्ये ‘र’च्या कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ मिळतो. त्यानंतर हलन्त आणि ‘य’ दिला की हवा तो ‘ऱ्य’ तयार होतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरील अक्षरांच्या प्रमाण संकेतसूचीत, या ‘ऱ’ला स्वतःचे स्थान आहे. मात्र साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह वापरूनही असाच ‘ऱ्य’ मिळवता येतो आणि काही साधने तो तसाच तयार करतात. पडद्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे असल्यामुळे एका पद्धतीने शोधले असता दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द न सापडण्याची शक्यता असते. आपल्या नोंदी उद्या एकत्र करून त्यांत शोध घ्यायचा असेल, तर सर्वांनी ‘ऱ’ असलेलीच पद्धत पाळावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुलाने जुन्या फायलींमधील सर्व ‘पायऱ्या’ एकाच आज्ञेने बदलण्याची रीत दाखवली आणि ती मी वहीत उतरवून ठेवली आहे.

छायाचित्रांबाबत थोडक्यात सांगते. गावाकडे नेटचा वेग कमी असतो, म्हणून प्रत्येक चित्राचा आकार लहान करूनच ते चढवते. मोबाइलमध्ये स्थाननोंद सुरू असेल, तर छायाचित्राच्या फायलीत अक्षांश-रेखांशही साठवले जातात. बारव शोधत येणाऱ्याला त्यांचा उपयोगच होतो. परंतु काठावर सुट्या पडलेल्या मूर्तींच्या चित्रांतून ती माहिती काढून टाकावी, असे मुलाचे म्हणणे आहे आणि मूर्तिचोरीचा धोका पाहता मला ते पूर्णपणे पटते.

खरी प्रगती मात्र मुलीच्या प्रश्नांमुळे झाली. एका नोंदीत मी बारवेला ‘हेमाडपंती’ म्हटले होते, तेव्हा तिने विचारले, “आई, हे कशावरून?” हेमाद्री किंवा हेमाडपंत हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव आणि रामदेवराव या यादव राजांच्या काळातील मंत्री, आपल्याकडे मात्र चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या बांधकामाला त्याचे नाव चिकटते, जरी त्यांतील काही बांधकामे त्याच्याही आधीची असली. मुलीने यावर जो नियम सुचवला, तो मी आता प्रत्येक नोंदीत पाळते: स्वतः पाहिलेले, गावात ऐकलेले आणि पुस्तकात वाचलेले या तीन गोष्टी एका वाक्यात मिसळायच्या नाहीत. त्यामुळे “बहात्तरच्या दुष्काळात बी हिचं पाणी आटलं नव्हतं, बाई” हे एका आजोबांचे सांगणे त्यांच्याच शब्दांत, ऐकीव माहिती म्हणून येते. देवकोष्ठांची, म्हणजे मूर्तींसाठी भिंतीत ठेवलेल्या कोनाड्यांची, संख्या मी मोजलेली असते. आणि काळाविषयीचे विधान ज्या ग्रंथातून घेतले, त्याचे नाव तिथेच येते. नोंदीची लांबी थोडी वाढते, पण वाचणाऱ्याला कशावर किती विसंबावे हे कळते.

तिचा दुसरा आग्रह असा की पहिल्याच परिच्छेदात गाव, तालुका आणि भेटीचा महिना आला पाहिजे. महिना विशेष महत्त्वाचा, कारण श्रावणात पाण्याखाली असलेले टप्पे वैशाखात उघडे पडतात आणि एकाच बारवेची दोन वर्णने परस्परविरोधी वाटू शकतात.

शिल्पग्रंथांत एक प्रवेशमार्ग असलेल्या वापीला (बारवेला) नंदा, दोन असलेल्या वापीला भद्रा, तीन असलेलीला जया आणि चार असलेलीला विजया म्हटले आहे. हे वर्गीकरण केवळ शब्दांत दिल्यावर मुलीला नीटसे उलगडले नाही, म्हणून तिने कागदावर चार साधे आराखडे काढले आणि मी ते स्कॅन करून जोडले. सेलू तालुक्यातील वालूरची बारव तिच्या चक्राकार पायऱ्यांमुळे छायाचित्रातही समजते, तरी तिथेही वरून पाहिलेला आराखडा दिल्यावर उतरण्याची दिशा अधिक स्पष्ट झाली.

सध्या जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची नोंद लिहीत आहे. तेथील मंदिरे, स्तंभ आणि बारव यांना एकाच नोंदीत बसवावे की बारवेसाठी स्वतंत्र नोंद करावी, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. मुलगा स्वतंत्र नोंदीच्या बाजूने आहे; मला मात्र बारव आणि मंदिर परस्परांपासून तोडावेसे वाटत नाही. ज्यांनी अशा मंदिरसमूहांच्या नोंदी लिहिल्या आहेत, त्यांनी आपली मांडणी कशी केली ते अवश्य कळवावे, आणि कोणाकडे या बारवेचे भर उन्हाळ्यातील छायाचित्र असेल, तर महिना व वर्ष यांसह पाठवावे.