जुनं संगीत हेच करिअर? जॉर्डी सावालबद्दल

माझी भाची चेलो शिकते, वाशीला क्लास आहे, आणि आता तिने घरी जाहीर केलंय की तिला अर्ली म्युझिकच करायचंय, म्हणजे साधारण 1750 च्या आधीचं युरोपियन संगीत, तेही त्या काळच्या वाद्यांवर. ताईचा लगेच फोन, "अरे तू तरी समजाव तिला, चेलोचं एक वेळ ठीक आहे, पण ह्यात पोट कसं भरणार?" मी समजवायला गेलो आणि तिच्याच बाजूने बोलून आलो, कारण डोक्यात सतत हेच जुनं संगीत वाजवणारा जॉर्डी सावाल होता.

सावाल 1941 चा, बार्सिलोनाजवळच्या इगुआलादा गावचा. लहानपणी कॉयरमध्ये गायचा, मग बार्सिलोनाच्या कॉन्झर्वेटरीत चेलो शिकला, चांगलाच तयार झाला, आणि सरळ ऑर्केस्ट्रात नोकरी धरायची तर हा माणूस व्हिओला दा गांबाकडे वळला. आता हे वाद्य कुठलं? पायांमध्ये धरून वाजवायचं, सहा किंवा सात तारा, त्या तातीच्या, म्हणजे प्राण्यांच्या आतड्याच्या, आणि गळ्यावर पडदेसुद्धा तातीचेच, गुंडाळून बांधलेले, म्हणजे सतारीसारखे थोडे वरखाली सरकवता येतात. गज खालून धरायचा, तळहात वर करून, आपल्या सारंगीवाल्यांसारखा. आवाज चेलोपेक्षा बारीक, पण त्यात जो श्वास आहे ना तो चेलोत नाही, निदान मला तरी तिथे तो सापडत नाही.

अडचण अशी की 1787 ला लंडनमध्ये गांबावादक कार्ल फ्रीडरिश आबेल वारला आणि त्यानंतर हे वाद्य जवळपास बंदच पडलं. गुरूच उरला नाही! नंतर लोकांनी ते पुन्हा उभं केलं, त्यातले एक ऑगस्ट वेंझिंगर, बासेलच्या स्कोला कॅन्टोरममध्ये शिकवायचे (ही शाळा 1933 ची). सावाल 1968 ला त्यांच्याकडे गेला आणि पुढे त्यांच्याच जागी शिकवायला लागला. पण बरंचसं तो शिकला ते लायब्रऱ्यांमधल्या जुन्या हस्तलिखितांवरून आणि छापील वह्यांवरून, आणि कागद सगळं सांगत नाही. फ्रेंच लोक सारख्या लिहिलेल्या नोट्स लांब-आखूड वाजवायचे, आता ते किती लांब आणि किती आखूड हे ज्याने त्याने कानाने ठरवायचं.

मला सगळ्यात जास्त आवडतो तो स्पॅनिश संगीतकार दिएगो ऑर्तिझ. 1553 मध्ये रोममध्ये त्याचं पुस्तक छापलं, त्यात खाली एक ठरलेली चाल पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि वर गांबावाला तिच्यावर विस्तार करतो. आपल्याकडे तबला सोलोला लेहरा धरतात तसंच की हे, फक्त विस्तार इथे सुरांचा! सावालचं ऐका, पुस्तकातलं वाजवतोय की आत्ता सुचतंय ते कळतच नाही, आणि तसंच तर पाहिजे.

करिअरचं म्हणाल तर त्याला आयती जागा कुणी दिली नाही, त्याने ती तयार केली. 1974 ला बायको मोंसेरात फिगेरास (काय गायची ती!) आणि मित्रांबरोबर हेस्पेरिऑन हा ग्रुप, 1987 ला गायकांचा ग्रुप, 1989 ला ऑर्केस्ट्रा, आणि 1998 ला स्वतःचं रेकॉर्ड लेबल, आलिया वॉक्स. मध्ये 1991 ला जुना फ्रेंच गांबावादक मारँ मारे आणि त्याचे गुरू सँत-कोलोंब यांच्यावर फ्रेंच सिनेमा आला, संगीत सावालचं, त्यासाठी त्याला सेझार हा फ्रेंच सिनेमा पुरस्कार मिळाला, आणि ज्यांनी गांबा हे नाव कधी ऐकलं नव्हतं अशा लोकांपर्यंत ते पोचलं. 2014 ला स्पेनचा राष्ट्रीय संगीत पुरस्कार मात्र त्याने सरकारच्या सांस्कृतिक धोरणाच्या निषेधात नाकारला. माझं मत विचाराल तर त्याच्या देशोदेशीच्या कलाकारांना घेऊन केलेल्या मोठ्या प्रोजेक्ट्सपेक्षा एकट्या गांबाची रेकॉर्डिंग्ज जास्त टिकतील.

आणि हे सगळं मी खारघरमध्ये बसून लिहितोय, जिथून पळस्पे किती लांब? पनवेलच्या पुढे, ट्रकच्या गर्दीतून गेलं की आलंच. तिथे उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी ध्रुपद गुरुकुल उभारलं. रुद्रवीणा पूर्ण मैफिलीत एकटीने ऐकू यावी, आलापाचा खर्ज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी वीणेचे तुंबे मोठे करून घेतले, तारा जाड केल्या. जुनं जपायचं म्हणून वाद्याला हात लावायचा नाही, असं त्यांनी मानलं नाही. 1990 ला ते गेले, पण मुलगा बहाउद्दीन डागर आज वाजवतात, शिकवतात, म्हणजे इथे साखळी तुटली नाही, समोर बसून शिकवणारा माणूस आहे. सावालला जे कागदातून उकरावं लागलं ते आपल्याकडे अर्ध्या तासावर आहे, आणि नवी मुंबईतल्या किती जणांना हे माहीत आहे याचं मला खरंच वाईट वाटतं.

ताईला मी एवढंच सांगितलं की पैशाची गॅरंटी मी देऊ शकत नाही, कुठल्याच संगीतात ती नाही, पण ही वाट आहे आणि त्यावरून माणसं चाललीत. भाचीला म्हटलं चेलोचा रियाज सोडायचा नाही, सावालही चेलो पक्का करूनच गांबाकडे गेला. तोवर तिने ऑर्तिझ ऐकायचा, मग मारे, आणि जवळपास कुठे रुद्रवीणेची मैफल असली की मी तिला घेऊन जाणार, ताई आली तर ताईलाही.