सोनं काळं पडत नाही

मुलाम्याचं देवीचं तोंड काळवंडलं की लोक धरून चालतात, सोन्यावर मळ बसलाय. नवरात्राआधी मंगळवार पेठेतल्या आमच्या दुकानात मुखवटे येतात, ते बहुतेक घरी चिंच नि रांगोळीनं घासूनच. मी प्रत्येकाला सांगतो, सोनं काळं पडत नाही हो, काळं पडतं ते खालचं तांबं. पटत नाही कुणाला. म्हणून आज इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहाच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या पूर्व दाराबद्दल लिहितोय.

ते दार लोरेंझो गिबर्तीचं. १४०१ च्या स्पर्धेत त्याला पहिलं दार मिळालं, त्यात उठावाच्या चित्रांच्या २८ चौकटी. हे दुसरं, १४२५ ते १४५२, मोठ्या १० चौकटींचं. गिबर्ती सोनारकामात तयार झालेला, सावत्र वडिलांच्या हाताखाली, आणि ते कामात दिसतं. बायबलमधल्या याकोब-एसाव या भावांच्या चौकटीचा मोठा फोटो बघा: पुढची माणसं नि एसावची कुत्री जवळजवळ सुटी उभी आहेत, मागच्या कमानींखालचे लोक मात्र नखाने ओरखडल्याइतके उथळ. त्यावर पाऱ्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात कालवायचं, लगदा ब्राँझला फासायचा, तापवून पारा उडवायचा. सोनं घट्ट धरतं, पण ती वाफ कारागिराच्या छातीत जाते. आमच्याकडेही जुने लोक असंच करायचे.

पुढे शतकांची हवा, ओल, शहराचा धूर. सोन्याच्या थरात बारीक छिद्रं असतात, त्यातून ओल आत गेली. ब्राँझमधल्या तांब्याचे क्षार तयार झाले, ते फुगले आणि सोन्याला खालून फोड आले. ४ नोव्हेंबर १९६६ च्या पुरात तर काही चौकटी दारातून निखळल्याच.

दुरुस्तीला पाव शतकाहून जास्त काळ लागला. सुट्या चौकटी रोशेल सॉल्टच्या द्रावणात बुडवल्या. हा टार्टारिक आम्लाचा क्षार, आणि तेच आम्ल आपल्या चिंचेत! पण चिंचेचा कोळ आंबट, तो चांगलं तांबंही खातो. हे द्रावण तांब्याचे क्षार तेवढे ओढून घेतं. ज्या चौकटी दारात घट्ट बसलेल्या, त्या काढताना मोडल्या असत्या. त्यांच्यासाठी लेझर वापरला: झटका इतका क्षणिक की मळ उडावा, सोनं तापू नये. कुठंही घासणं नाही. मला या कामात सगळ्यात मोठं वाटतं ते हेच. २०१२ पासून मूळ दार संग्रहालयात, नायट्रोजन भरलेल्या काचपेटीत आहे, बाहेर प्रतिकृती.

आपल्या मुखवट्याला नायट्रोजन नको. पूजा झाली की हळदकुंकू मऊ सुती फडक्यानं टिपा, कोरडं करा, ओल्या कपड्यात गुंडाळून पेटीत टाकू नका. हल्लीचा विजेवरचा मुलामा फार पातळ असतो, पावडरीनं दोन नवरात्रांत जातो. काळा डाग उठला तर तसाच घेऊन या. आणि आजीच्या वेळचा पाऱ्याच्या मुलाम्याचा मुखवटा असेल तर त्याला हातच लावू नका, आधी मला दाखवा.