अंगठा लागत नाही

बेलापूर गावात माझं छोटं सेवा केंद्र आहे. पॅन, उत्पन्नाचे दाखले, पीएफ पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले अशी कामं. दिवसभरात माझ्या तोंडून सर्वांत जास्त वेळा निघणारं वाक्य म्हणजे, "अंगठा लागत नाहीये, परत ठेवा."

गेल्या जूनमधली गोष्ट. पाऊस कोसळत होता, भर दुपारी अंधारून आलं होतं. दिवाळे कोळीवाड्यातली एक मावशी भिजतच आत आली. प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि घड्यांवर फाटायला आलेला पीपीओचा, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशाचा, कागद. तिचा नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कंपनीत होता. तो गेल्यावर तिला ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन लागली. या योजनेतली किमान रक्कम २०१४पासून महिना १,००० रुपये आहे, तिला तेवढीच मिळते.

"तीन महिनं पैसं नाय आलं गो बाय," ती म्हणाली. हयातीच्या दाखल्याची वर्षाची मुदत संपली होती. माझ्याकडे येण्याआधी ती दोन ठिकाणी जाऊन आली होती, दोन्हीकडे मशीनने अंगठा घेतला नाही. एकीकडे तर 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणून वाटेला लावलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या किनाऱ्याला लागलेल्या, बाजारात बसायला मासळी नाही. अशा दिवसांत हजार रुपये म्हणजे घरातला तांदूळ.

मी मशीन पुढे केलं. लाल दिवा लागला, विझला. बोट पुसलं, केसांवरून फिरवायला सांगितलं, थोडं तेल लागलं की कधी कधी घेतं. नाही घेतलं. दहाही बोटं झाली. मग मी तिचा हात हातात घेऊन बघितला. कोलंबी सोलून सोलून आणि बर्फ-मिठात राहून बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती, अंगठ्यावर कोयत्याचा जुना आडवा वण. मशीन बोटावरच्या रेषा टिपून आधारच्या वेळी घेतलेल्या ठशांशी जुळवतं. इथे जुळवायला रेषाच उरल्या नव्हत्या.

चूक तिची नव्हती. पण दोन काउंटरवरून ती आपलाच काहीतरी दोष आहे असं समजून परतली होती, याचा मला फार राग आला. कारण दुसरी वाट आहे. जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला ऑनलाइन द्यायची सोय, २०१४ला सुरू झालं आणि नोव्हेंबर २०२१पासून त्यात चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. साधा अँड्रॉइड फोन पुरतो. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

ॲपमध्ये काम करून देणारी म्हणून आधी माझा चेहरा दिला, मग तिची माहिती भरली. गोलात चेहरा धरायचा आणि डोळ्यांची उघडझाप करायची. पहिल्यांदा तिने डोळे गच्च मिटूनच घेतले. दुसऱ्यांदा उजेड कमी पडला. शेजारच्या मेडिकलमधला मुलगा टॉर्च घेऊन आला, मी शटरच्या तोंडाशी स्टूल ठेवलं, फोनच्या मागे उभी राहून स्वतः डोळे मिचकावत राहिले आणि ती माझं बघून करत राहिली. चौथ्या वेळी गोल हिरवा झाला. थोड्या वेळाने तिच्या बटणांच्या फोनवर मेसेज आला, तो मी वाचून दाखवला. थकलेले तीन महिनेही मिळतील, हे सांगितल्यावर ती स्टुलावरच बसून राहिली.

यावरून मला केनियातलं एम-पेसा आठवतं, ते २००७मध्ये सुरू झालं. साध्या फोनवरून पैसे पाठवायची ती सोय गावोगावच्या दुकानदार एजंटांमुळे लोकांपर्यंत पोहोचली. रोख घेणारा, फोनवर जमा करून देणारा, न समजलं तर समजावणारा माणूस तिथे बसलेला असायचा. आपल्याकडे ॲप आलं, मशीन आलं, आधारही २०१०मध्ये आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीपासून सुरू झालं. काउंटरवरच्या माणसाला मात्र 'अंगठा लागला नाही तर पुढे काय' हे नीट शिकवलंच जात नाही. ते शिकवायला पैसा फारसा लागत नाही, म्हणून तर जास्त खटकतं.

पीपीओच्या पाकिटावर मी पुढच्या वर्षीची तारीख मोठ्या अक्षरात लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी शटर उघडलं तर मावशी कोळीवाड्यातल्या तिघींना घेऊन हजर. दोघींचं काम दुपारपर्यंत झालं. तिसरीच्या पीपीओवर सासरचं नाव आहे आणि आधारवर माहेरचं. तिचे कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत.