बारा मिनिटांत फिरलेलं वारं

मे महिन्यातली सकाळ, सव्वाआठ. अशोक चौकाजवळच्या आमच्या मेडिकलचं शटर नुकतंच वर केलं होतं, तेवढ्यात अण्णा आले. रात्रपाळी संपवून थेट यंत्रमागाच्या कारखान्यातून.

"ताई, ग्लुकोजची पुडी द्या, आणि हाताला चोळायला बाम. ऊन बाधलंय बघा."

रात्रपाळी केलेल्या माणसाला ऊन कुठून बाधणार? म्हणून खोदून विचारलं.

सव्वासातच्या सुमारास मागावरचा धागा तुटला होता. अण्णांची अख्खी उमर गाठी मारण्यात गेलेली, न बघता गाठ बसते त्यांची. आज उजव्या हाताची बोटं धाग्यावरून नुसतीच फिरत राहिली. शेजारच्या मागावरच्या पोराला हाक मारायला गेले, तर जीभ वळेना. पोराने खाली बसवलं, पाणी पाजलं. दहा-बारा मिनिटांत सगळं जिथल्या तिथे. मग अण्णांनी उठून तीच गाठ मारली, पाळी पुरी केली.

मी त्यांना हसायला सांगितलं, दोन्ही हात समोर धरायला लावले, एक वाक्य म्हणायला लावलं. तोंड वाकडं नाही, हात खाली येत नाही, शब्द स्वच्छ. "बघा की, काय झालंय मला?" अण्णा म्हणाले. बीपी मात्र १८६ वर १०४.

आपल्याकडे लकव्याला अंगावरून वारं गेलं म्हणतात. अण्णांचं वारं येऊन परत फिरलं होतं. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते, तेवढ्या भागाचं रक्त थांबतं, आणि गुठळी आपोआप विरघळली की माणूस पूर्ववत होतो. डॉक्टर त्याला टीआयए म्हणतात, लोक मिनी-स्ट्रोक. गुठळी जाते, पण ती जिथे तयार झाली ती जागा तशीच राहते. लकव्याच्या मोठ्या झटक्याची भीती सगळ्यात जास्त असते ती पुढच्या दोन दिवसांत. म्हणजे बरं वाटू लागल्यावरच दवाखाना गाठायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच कुणी जात नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांना लगेच तपासून औषधं सुरू केली, तेव्हा तीन महिन्यांत येणारे झटके सुमारे ८० टक्क्यांनी घटले. २००७ साली हा अभ्यास छापून आला. औषधं नवी नव्हती, ती फक्त लवकर मिळाली.

मी अण्णांच्या बायकोला, अक्कांना, फोन केला. विड्या वळता वळता उठून आल्या, बोटांना तंबाखूचा वास तसाच. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या भावाला रक्त पातळ करायची गोळी आहे, तीच द्या. बीपीच्या पण दोन एकदम द्या."

गोळ्यांचा डबा माझ्या हाताशी होता. नाही दिल्या. झटका गुठळीने येतो तसा मेंदूत रक्तस्राव होऊनही येतो. बाहेरून बघून ते कळत नाही, त्यासाठी स्कॅनच लागतो. रक्तस्राव असताना रक्त पातळ करायचं म्हणजे आगीत तेल. आणि बीपी झटकन खाली आणलं तर आधीच उपाशी असलेल्या मेंदूला मिळतंय तेही रक्त तुटतं.

अण्णांना झोप हवी होती. "जरा पडतो, दुपारी जाऊ." मी अक्कांकडे बघून बोलले : झोपेत मोठा झटका आला तर तो किती वाजता आला हे कुणाला सांगता येणार नाही, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. अक्कांनी पुढचं ऐकलंच नाही, रिक्षा थांबवली. बिलाच्या पाठीवर मी लिहून दिलं : सकाळी ७.१५, उजवा हात, बोलणं, १२ मिनिटं, विडी ओढतात, बीपीची गोळी बंद.

सिव्हिलमध्ये स्कॅन झाला, रक्तस्राव नव्हता. एमआरआयमध्ये नवा डाग नाही. ईसीजीत ठोके नियमित. ते अनियमित असते तर औषधच वेगळं लागलं असतं. मानेच्या डाव्या रक्तवाहिनीत मात्र चरबीचा थर सापडला. वाहिनी निम्म्यापेक्षा कमी अरुंद झालेली, म्हणून ऑपरेशन नको. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या २१ दिवस बरोबरीने, पुढे एकच. शिवाय कोलेस्टेरॉलची आणि बीपीची. विडी बंद. जेवणातलं मीठ कमी, म्हणजे भाकरीबरोबरची शेंगाचटणी चिमूटभर आणि लोणचं नाही. अण्णांना विडीपेक्षा चटणीचंच जास्त लागलं.

बावीसाव्या दिवशी कुठली गोळी थांबवायची ती तारीख मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिली.

त्या रात्री उधारीची वही काढली. अण्णांची बीपीची गोळी शेवटची गेली होती फेब्रुवारीत. तपासलं तेव्हा बीपी नॉर्मल आलं, म्हणून त्यांनी ती सोडली. गोळीमुळे नॉर्मल आलं होतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही. ते येईनासे झाले तेव्हा मला वाटलं, दुसरीकडे स्वस्त मिळत असेल. याचं फार वाईट वाटतं मला.

वहीत अशी आणखी अकरा नावं निघाली. सकाळी दुकान उघडल्यावर एकेकाला फोन लावला. नऊ जण म्हणाले, आता बरं आहे ताई, म्हणून बंद केली.